आत्या आणि तिसरी ओळ

प्रसिद्धीपासून चार हात लांब राहणारी माणसं पुष्कळ असतात. पण प्रसिद्धी दारात येऊन उभी राहिली म्हणून आतून कडी घालून, खणखणीत आवाजात 'घरात कोणी नाही' असं स्वतःच सांगणारी बाई मी एकच पाहिली, आणि ती माझी सख्खी आत्या. त्या दिवशी दाराबाहेर एका वर्तमानपत्राचा माणूस होता. 'मग कधी येतील?' असं त्याने विचारलं. 'सांगता येत नाही,' हे उत्तर त्याच आवाजात ऐकून तो डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीचे तीन जिने उतरून निघून गेला. आत्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "माणसं येतात, आली की बसतात, बसली की चहा करावा लागतो, आणि तेवढ्यात हातातलं निसटतं," असं तिचं म्हणणं.

हातातलं म्हणजे गणित. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा आत्याचं शिक्षण बी.एस्सी.ला थांबलं आणि ती एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. गणित थांबलं नाही. एखाद्या संख्येचे किती तऱ्हांनी तुकडे पाडता येतात, अशा काहीशा एका जुन्या प्रश्नाच्या मागे ती चाळीस वर्षं लागली होती. लिहायची ती लग्नपत्रिकांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर. कोरा कागद समोर घेतला की आता काहीतरी शहाणपणाचं लिहिलं पाहिजे असं दडपण येतं म्हणे. चाळीतलं लग्न लागलं की वधूवरांना आशीर्वाद देण्याआधी ती पत्रिकेची मागची बाजू बघून घ्यायची. परदेशातल्या एका प्राध्यापकाशी तिचा पत्रव्यवहार होता, आणि खाली नुसती आद्याक्षरं घालायची सवय असल्यामुळे तो गृहस्थ वर्षानुवर्षं तिला 'मिस्टर' म्हणून लिहीत राहिला. मी म्हटलं, अगं, त्यांना सांग तरी. "बाई आहे म्हटल्यावर उत्तर बदलणार आहे का?" एवढंच ती म्हणाली. नवीन काही सुचलं की तिचा भात लागायचा. करपल्याचा वास आला की शेजारच्या खोलीतल्या कांबळेवहिनी न विचारता आत येऊन गॅस बंद करायच्या आणि न बोलता परत जायच्या. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

सगळं बिघडवलं मी.

तिने एकदा सहज म्हटलं, "सुटलं वाटतं." ते उत्तर जिच्यावर लिहिलं होतं त्या एकसष्ट पत्रिकांचे मी तिच्या नकळत फोटो काढले आणि ओळखीच्या एका प्राध्यापकांना पाठवले. महिन्याभराने त्यांचा फोन आला, 'सगळं तपासलं, बरोबर आहे.' वर्तमानपत्रवाला त्यांच्याकडूनच कळून आला होता. पुढच्याच आठवड्यात दादरच्या एका शाळेच्या सभागृहात सत्काराचा बेत ठरला. दिल्लीहून, बंगळुरूहून माणसं येणार होती. मी 'हो' म्हणून बसलो आणि मग आत्याला सांगायला गेलो.

आत्या एरवी पुस्तकी मराठी बोलते, मालवणीत शिरते ती फक्त रागावल्यावर. "माझां नाव कित्याक दिलंस?" तिने विचारलं.  "माका विचारलंस?"  तिने पाठ फिरवली. दोन दिवस मी दाराशी जाऊन परत येत होतो. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच कडी काढली आणि सरळ मराठीत म्हणाली, "तू शब्द दिलायस, मी येईन. शाल नको, नारळ नको. गणित मात्र समजावून सांगेन, कारण न समजता टाळ्या वाजवणं वाईट."

रविवारी नऊ वाजता तिला न्यायला गेलो, तर दाराला कुलूप. कांबळेवहिनी म्हणाल्या, "साताला बाहेर पडल्या. सगळ्या पत्रिका पिशवीत घालून नेल्या. मी विचारलं, तर बोलल्या नाहीत." आत्याकडे मोबाइल नव्हता.  करी रोडच्या पुलापर्यंत धावत गेलो, ती कुठेच दिसली नाही. शेवटी दादर गाठलं. सभागृह भरत होतं. व्यासपीठावर तिच्या नावाचा फलक, खाली रिकामी खुर्ची. सव्वाअकरा वाजले. प्राध्यापक दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघत होते आणि मी दरवाजाकडे. सत्तरी ओलांडलेली बाई मी घरातून पळवून लावली, असं मला वाटू लागलं.

साडेअकराला ती आली. घरातलीच साडी, खांद्याला पिशवी. माझ्याकडे न बघता ती थेट व्यासपीठावर चढली आणि म्हणाली, "फळा आहे का?"

फळा नव्हता. शिपाई दोन वर्ग ओलांडून एक घेऊन आला. तोवर ती उभीच होती. मग तिने चार ओळी लिहिल्या, तिसरीखाली रेघ मारली. "ही ओळ चूक आहे," ती म्हणाली. "आज सकाळी सापडली. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. तेव्हा सत्कार करू नका."

प्राध्यापक खुर्चीतून उठले. तेच तर सगळं तपासणारे. ते वर गेले आणि फळ्यासमोर तिच्या शेजारी उभे राहिले. दहा मिनिटं सभागृहाने त्या दोघांच्या पाठी बघितल्या. मग ते वळले. "बाई बरोबर सांगताहेत. माझ्याही नजरेतून सुटलं." टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. पहिल्या रांगेतला एक म्हातारा गणिती मात्र उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला, ती खाली उतरेपर्यंत.

घरी येताना टॅक्सीत मी म्हणालो, "आत्या, माझ्यामुळे चारचौघांत..."

"तुझ्यामुळेच सापडली," ती म्हणाली. "लोकांना सांगायचं म्हणून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मोठ्याने वाचत होते. आजवर कधी मोठ्याने वाचलंच नव्हतं. तिसऱ्या ओळीला अडखळले."  मग म्हणाली, "रविवारी येत जा. मी वाचेन, तू ऐक."

"मला काय कळणार त्यातलं?"

"कळायला नकोच. समोर कुणीतरी बसलेलं असलं की पुरे."

मी जात राहिलो. दोन वर्षं, जवळजवळ प्रत्येक रविवारी. तिने ती ओळ सोडली, दुसरी वाट धरली, तीही सोडली, तिसरी धरली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिचा आवाज कुठे दबकतो ते कळायला लागलं. मी नुसती मान वर केली तरी ती थांबून खोडायची. मग एका रविवारी तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि ती कुठेच थांबली नाही. प्राध्यापकांनी या वेळी तीनदा तपासलं. सगळं बरोबर होतं. नावाच्या जागी आद्याक्षरांखेरीज काही छापायचं नाही या अटीवर तिने ते गणिताच्या एका नियतकालिकाकडे पाठवू दिलं, आणि या वेळी मी तिला विचारून पाठवलं.

त्यानंतरच्या रविवारी सवयीने गेलो. टेबल रिकामं होतं. आत्याने चहा केला, दोन कप आणले, समोर बसली. केस पार पांढरे झाले होते तिचे, इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आज काय वाचणार?" मी विचारलं.

"माझं संपलं," ती म्हणाली. "आता तू बोल. मी ऐकते."

पन्नाशी उलटली माझी, पण असं समोर बसून मला कुणी म्हटलं नव्हतं. चहा निवत चालला होता. ती घाई करत नव्हती, आणि मला पहिलं वाक्य सापडत नव्हतं.