दारापुढची मडम

सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल नुकताच सुरू झाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही तेव्हा बहरीनला अस्करमध्ये राहत होतो. नवरा एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत क्रेन चालवायचा. कंपनीच्या यार्डाला लागून, समुद्राच्या बाजूला, दोन खोल्यांचं एक जुनं क्वार्टर होतं. पत्र्याचं छप्पर, खिडकीत खडखडणारा एसी, आणि वारा फिरला की अल्युमिनियमच्या कारखान्याचा वास. पण ते माझं होतं. नवऱ्याबरोबरचे बाकीचे सगळे कॅम्पात एका खोलीत आठ-आठ जण राहायचे, बायका गावी. आम्हाला क्वार्टर आणि फॅमिली व्हिसा मिळाला तो यार्डाच्या इंग्रज मॅनेजरच्या मेहरबानीनं, हे नवरा मला आल्या दिवसापासून ऐकवत होता.

एका शुक्रवारी दुपारी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात दाराबाहेर मोठी गाडी थांबल्याचा आवाज आला. उठून पाहते तर बसएवढी पांढरी गाडी, खिडक्यांना पडदे, मागे शिडी. आतून एक गोरा आणि त्याची मडम उतरली. दोघंही साठीच्या आसपासची. मडमेच्या काखेत एक झिपरा कुत्रा. गाडीत पलंग, चूल, फ्रीज, संडास, सगळं होतं. असलं काही मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला त्याचं कौतुकही वाटलं.

त्यांच्या मागोमाग मॅनेजर आला. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, हे माझे मित्र, सौदीतलं काम संपवून आलेत, गाडी बोटीनं आपल्या देशात न्यायची आहे, कागद होईपर्यंत थोडे दिवस इथे राहतील. त्यांना वीज आणि पाणी तुझ्या क्वार्टरमधून दे. नवरा "येस सर, येस सर" करत राहिला. मला कुणी विचारलं नाही. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक जाड वायर बाहेर गेली आणि आमच्या टाकीला त्यांचा पाइप लागला.

थोडे दिवस म्हणता म्हणता महिना गेला. गाडीला लागून त्यांनी कापडी छत ताणलं, खाली खुर्च्या मांडल्या, कुंड्यासुद्धा आणल्या. आमचं दार उघडलं की समोर मडमेची खुर्ची. समुद्र दिसायचा बंद झाला. त्यांचा एसी चालू झाला की आमचा धापा टाकायचा. गोड्या पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा. पूर्वी ते पाणी आम्हाला पुरून उरायचं. आता मडम कुत्र्याला आंघोळ घालायची, त्याच पाण्यानं गाडी धुवायची, आणि मी भाताला पाणी मोजून घ्यायचे.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुमी तेंका काय्येक सांगनार नाय काय?"

"गप ऱ्हव गो. चार दिसांचो प्रश्न आसा."

"चार दिस कधीच झाले."

"तुजो व्हिसा कोनाच्या हातात आसा, ठावक आसा मां?"

हे वाक्य आलं की बोलणं संपायचं.

मग एका सकाळी मडम चादरींचं गाठोडं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मला म्हणाली, "यू वॉश." मी सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी मोडकंतोडकं, पण एवढं कळायला शिक्षण लागत नाही. मी म्हटलं, "नो वॉश." तिने भुवया वर केल्या, गाठोडं उंबऱ्यावरच टाकलं आणि निघून गेली. मी ते उचललं आणि तिच्या खुर्चीवर नेऊन ठेवलं. संध्याकाळी नवरा घरी आला तो काळवंडलेल्या तोंडानं. मॅनेजरनं त्याला बोलावून विचारलं होतं, तुझी बायको पाहुण्यांशी उद्धट का वागते? तिला इथे राहायचं नाही का?

दुसऱ्या दिवशी मी चादरी धुतल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यातही धुतल्या. मडम छताखाली बसून पुस्तक वाचायची आणि मधूनच बोटानं दाखवायची, इथे डाग राहिलाय. तिचा नवरा बिअरचा डबा हातात घेऊन समुद्राकडे पाहत बसायचा. माझ्याकडे त्याने कधी मान वर करून बघितलं नाही. बायकोकडेही फारसं बघत नसे. त्यांची भांडणं आम्हाला घरात ऐकू यायची. ती दोघं एकमेकांना काय बोलायची ते कळायचं नाही, पण तो आवाज ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

मे महिन्यात अस्करच्या एका कोळ्याने नवऱ्याला टोपलीभर सुंगटं, म्हणजे कोलंबी, दिली. मी ती मीठ लावून, जुन्या साडीवर पसरून, मागच्या अंगणात वाळत घातली. गावी पावसाळ्याची बेगमी अशीच करतात. इथे पाऊस नाही, पण हाताची सवय जात नाही. दोन दिवस राखण केली. तिसऱ्या दिवशी कपडे बदलायला आत गेले, बाहेर येऊन पाहते तर साडी रिकामी. कुत्र्यानं खाल्ली म्हणावी तर एवढी कुठून खाईल? शोधत गेले तर सगळी सुंगटं कचऱ्याच्या पिंपात, वर फिनेल ओतलेलं.

मडम तिच्या गाडीच्या दारातच होती. नाकाला रुमाल लावून म्हणाली, "फ्लाइज. स्मेल. खलास." अरबीतला तेवढाच शब्द तिला येत होता.

मी तिला माझ्या भाषेत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. यार्डातली माणसं काम थांबवून बघायला लागली. आमच्या गावचा एक वेल्डर त्यांच्यात होता, त्याने हसून तोंड फिरवलं. त्याला सगळं समजलं होतं. मडमेला शब्द कळले नसतील, पण ती आत गेली आणि तिने धाडकन दार लावलं. त्या दिवसापासून मी चादरी धुतल्या नाहीत. नवरा माझ्याशी बोलायचा बंद झाला.

आणि मग जुलैतली ती दुपार. बाहेर तोंड काढवत नव्हतं. गोरा सकाळीच मित्राच्या गाडीतून मनामाला गेला होता. जेवण आटोपून मी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. मडम होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, काखेत कुत्रा. तिच्या गाडीचा एसी बंद पडला होता. वायर तापून बाहेरचा जोड जळला होता. पत्र्याच्या त्या डब्यात जीव राहणं शक्य नव्हतं.

काही झालं तरी माणूस. मी तिला आत घेतलं. आमच्याकडे एकच खुर्ची होती, ती एसीसमोर ठेवली. पाणी दिलं, ती ते घटाघटा प्यायली. दुसरा पेला दिला. कुत्र्यालाही वाडग्यात पाणी ठेवलं. हळूहळू तिचा रंग परत आला. मी खाली चटईवर बसले होते. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. "थँक यू" नसेल म्हणायचं तर निदान मान हलवेल.

तिने खोलीभर नजर फिरवली. देवाचा फोटो, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातला स्टोव्ह. मग नाक आक्रसून म्हणाली, "हाऊ कॅन यू लिव्ह इन धिस स्मेल?"

मी उठले, दार उघडलं आणि बाहेर बोट दाखवलं.

"आउट."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने विचारलं, "व्हॉट?"

"आउट. माय हाऊस. आउट."

ती उठली. कुत्र्याला उचललं. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी दार धरून उभीच. ती गेली. खिडकीतून मला दिसत होतं. यार्डाच्या ऑफिसपर्यंत ती भिंतीच्या सावलीतून चालत गेली आणि आत शिरली. तिथे थंडगार होतं. मरायला मी तिला पाठवलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला. मी जेवण वाढलं. तो ताटाकडे न बघता म्हणाला, "सामान बांध."

मी विचारलं, "व्हिसा गेलो?"

"व्हिसा ऱ्हवलो. क्वार्टर गेला."

काय झालं ते त्याने सांगितलं नाही. ते मला नंतर त्या वेल्डरकडून कळलं. मॅनेजर म्हणाला होता, बायकोला घेऊन ये, तिला मडमेची माफी मागायला लाव, विषय संपला. माझा नवरा, ज्याच्या तोंडून "येस सर"शिवाय शब्द फुटत नसे, तो म्हणे मान खाली घालून नुसता उभा राहिला. दोनदा विचारलं तरी उभाच. शेवटी मॅनेजर म्हणाला, मग क्वार्टर खाली कर.

हे ऐकून मला त्याचा अभिमान वाटला असं लिहायला आवडलं असतं. वाटलाही. पण घरी तो मला पुढे कितीतरी वर्षं "तुज्या तोंडामुळे" असं सुनावत राहिला. त्यामुळे तो अभिमान फार दिवस टिकला नाही.

आम्ही मनामातल्या उम्म अल हस्सम भागात एका फ्लॅटमध्ये एक खोली घेतली. दुसऱ्या खोलीत वसईचं एक ख्रिश्चन जोडपं होतं. बाई हॉस्पिटलात नोकरीला. भांडणं तिथेही झाली, बाथरूमवरून, गॅसवरून. पण ती बरोबरीची भांडणं होती. ती मला बोलायची, मी तिला बोलायचे, आणि रविवारी तिच्या घरचं इंदेल, ते आंबट-तिखट मटण, आमच्या ताटात असायचं.

थंडीत एकदा नवरा आणि मी एका मोठ्या दुकानात सामान आणायला गेलो होतो. बटाटे निवडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. मडम! अजून इथेच होती. बरोबर तिच्याच वयाची दुसरी एक गोरी. मडम चक्क हसली. जसं काही झालंच नव्हतं. मैत्रिणीला म्हणाली, ही समुद्राकाठी आमच्याकडे कामाला होती, कपडे छान धुवायची.

नवऱ्यानं माझा दंड धरला. मी तो सोडवला. पाच महिन्यांत त्या वसईच्या बाईकडून मी थोडं इंग्रजी उचललं होतं.

"नो," मी त्या दुसऱ्या बाईला म्हटलं, "आय थ्रू हर आउट ऑफ माय हाऊस."

ती बाई मडमेकडे बघायला लागली. मडमेचं हसू तोंडावरच वाळलं. पुढे काय बोलायचं ते मला इंग्रजीत येत नव्हतं, म्हणून मी वळले आणि पिशवीत बटाटे भरायला लागले.