हिरीच्या जागी

हिरी गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेमघरला घरी तांदूळ निवडत होते. तिची मुलगी संगीता नुसती "मावशी..." म्हणाली. मी विचारलं, "गेली?" तर "हो" म्हणाली. तांदूळ झाकून ठेवले आणि तिच्या घरी, नारपोलीला जायला रिक्षा धरली. रडू आलं नाही. तिला हॉस्पिटलात नेऊन आणून आम्ही सगळेच दमलो होतो, आणि सगळ्यांत जास्त ती.

आम्ही जुळ्या, एकाच तोंडवळ्याच्या. चौथीनंतर शाळा सुटली. मी शेतकऱ्याच्या घरी पडले, हिरी लूमवाल्याच्या. आयुष्यभर ती कांड्या भरत बसली, म्हणजे लूमसाठी सूत गुंडाळत. खोलीभर कापसाचा धुरळा, नवरा होता तोवर त्याची बिडी, आणि तिची स्वतःची मिश्री. मिश्री मीही लावायचे, दात हलायला लागले तशी सोडली. म्हातारपणी तिच्या अंगात धड रक्त बनेना. मी ठणठणीत. डॉक्टरला सरळ विचारलं, "आम्ही एका मुशीतल्या, मग तिलाच का?" तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. म्हणाला, "आजी, जन्मताना दोघींना जीन्स सारखेच मिळाले. पण शरीर सगळे जीन्स सगळीकडे चालू ठेवत नाही. काहींना कुलूप लावतं, काही उघडे ठेवतं, म्हणून तर डोळा डोळा होतो आणि हाड हाड. वय, धूर, खाणंपिणं यांनी ही कुलपं बदलत जातात. रक्ताला आवर घालणारे काही जीन्स यांच्यात बंद पडलेत." मिश्रीनं का, तर म्हणे एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. माझ्या हाडातला मगज देऊ का, तर तिला आता ते झेपणार नाही. मग कुलपं उघडायची इंजेक्शनं सुरू झाली. हिरी म्हणाली, "घराला कधी कुलूप न्हाय लावलं, आन् अंगाला लागलं!" काही महिने इंजेक्शनांनी काम केलं... मग तेही थांबलं.

त्यातच संगीताला स्थळ आलं. मुलगा गोदामात कामाला, माणसं बरी. पण आईचं दुखणं मुलीत उतरतं, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. हिरी पलंगावरून म्हणाली, "तारे, बोलणीला तूच बस माझ्या जागी. त्यांनी मला कुठं पायलीय?"

"आन् लग्नात? तवाबी मीच?"

"तवर मी ऱ्हाते कशाला!"

मी बसले, पण मावशी म्हणून. त्यांना सांगितलं, आई आजारी आहे, मी तिची जुळी. डॉक्टर म्हणतो हे तिच्या आयुष्यात घडलेलं आहे, मुलीला जन्मापासून मिळालंय असं दिसत नाही. हमी तोही देत नाही, मीही देत नाही. मुलाच्या आईनं मला खालीवर न्याहाळलं. जाताना म्हणाले, विचार करतो.

हिरीला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे न्हाय. येक दिवस तोंड बंद ठेवलं असतंस तर काय झालं असतं?" आणि भिंतीकडे वळली. त्याच आठवड्यात ती गेली.

तेराव्यानंतर मुलाची आई एकटीच आली. चहा घेतला, म्हणाली, "आमच्या घरातबी दुखणी हायत, आमी कोणाला सांगत न्हाय. तुमी सांगितलंत. पोर आमच्याकडं द्या." संगीता उठून आत गेली.

दिवाळीनंतरची तारीख धरली आहे. परवा संगीता म्हणाली, "मावशी, कन्यादानाला तू आणि काका बसाल ना... आईच्या जागी?" बसू म्हटलं, मी आणि माझा नवरा. दुसरं कोण आहे तिला?

हिरी असती तर म्हणाली असती, "बसलीस ना शेवटी? मंग तवाच काय झालतं?" माझं उत्तर आजही तेच आहे: बसेन, पण मावशी म्हणूनच. ऐकायला ती नाही.