अंगणात आलेलं घर

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या हुशारीचं पितळ भर दुपारी, तेही परक्याच्या अंगणात उघडं पडलं!

मी सौंसरची. ज्या घरांवर कठीण दिवस आलेत तिथे जायचं, बसायचं, हातभार लावायचा, हे माझं काम. तिगावच्या सुनंदाचा नवरा गेल्यापासून तिनं अंथरूणच धरलं होतं. घर सावरलं नाही, तर आठ वर्षांच्या पिंकीला वसतिगृहात पाठवायचं घाटत होतं. अहवाल मी द्यायचा, निर्णय पांढुर्ण्याच्या ऑफिसातल्या आमच्या मॅडमनी घ्यायचा. मग काय, मी हवेतच!

त्या दिवशी पोहोचले, तर काय! भांडी, गाद्या, गव्हाची कोठी, सगळं अंगणात! चूल थंड. शाळेच्या वेळेला पिंकी खाटेवर कोरडे मुरमुरे खात बसलेली. दारात सुनंदा, विस्कटलेल्या केसांची, पांढरीफटक!

मी काही विचारलं? छे! प्रशिक्षणात शिकवलं होतं ना, बोलू नका, निरीक्षण करा. सरळ पांढुर्ण्याला मॅडमना फोन. "मॅडम, घर मोडलं! लवकर या!"

मग सुनंदाचा हात धरला. "रडून घे, बाई."

"रडू कायले? सोडा नं, चुना लागंन तुमच्या साडीले!"

मागून सासू आली, हातात चुन्याची बादली. "नवऱ्याचं वर्ष सरलं परवा. वर्षभर आपण घराले चुना लावत नाही, तुम्हाले मालूम नाही का? आज सोताहून झाडू घेतला तिनं. पोरगीबी मास्तरले सांगून थांबली मदतीले. अन् तुम्ही रडवून राहिल्या!"

मालूम नाही कसं? माझ्या माहेरी हीच रीत! पण प्रशिक्षण घेतलेल्या बाईला माहेर कुठे आठवतं?

मॅडमना परत फोन लावला, तर त्या निघालेल्या. मग पदर खोचला आणि कुंचा घेतला. पहिलाच फटकारा भिंतीऐवजी माझ्याच डोक्यावर! सुनंदा हसली. वर्षभरात पहिल्यांदा. खरं सांगते, मला रडूच आलं.

मॅडम आल्या तेव्हा मी पायरीवर बसले होते. केस सुटलेले, तोंड पांढरं, डोळे लाल, हातात पिंकीचे मुरमुरे.

त्यांनी भिंती पाहिल्या, सुनंदाला पाहिलं. "पोरगी इथेच राहील," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "पण ह्या केव्हापासून अशा आहेत?"

सुनंदा म्हणाली, "सकाळपासून, जी. पण काळजी नका करू. आम्ही आहो नं, सावरतीन हळूहळू!"