एकाच हातच्या त्रेचाळीस हरकती

गल्लीत त्यांना सगळे पेंटर म्हणत. रागावली की बायकोसुद्धा. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पुढे छापील फलक आले आणि काम आटलं, तरी दोन-चार डॉक्टर, एखादा वकील आणि काही हट्टी दुकानदार अजून त्यांच्याकडेच यायचे. बोलण्यात पेंटर फार मागे. चार माणसं जमली की ते भिंतीकडे सरकत. पण हातात कुंचला आला की कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

त्यांचं सगळं काम चाले मागच्या खोलीतल्या खिडकीपाशी. साठी उलटल्यापासून दिव्याच्या उजेडात निळा कुठला आणि जांभळा कुठला हे त्यांना नीटसं कळत नसे. खिडकीतून ऊन आत आलं की रंग खरं बोलू लागत. ती खिडकी गेली तर पेंटरांनी घरात बसून करायचं काय?

खिडकीपलीकडे लाकडाचं एक बंद गोदाम होतं. एका सकाळी त्याच्याभोवती पत्रे ठोकले गेले आणि पत्र्यावर नोटीस लागली. चौदा मजले, चारशे घरं. हरकत असेल त्याने महिनाअखेरीस संध्याकाळी पाचच्या आत लेखी द्यावी. पंचवीस हरकती आल्या तर उघड सुनावणी, नाहीतर निर्णय पालिकेच्या कार्यालयातच.

गल्ली हादरली. नळाला पाणी जेमतेम पाऊण तास यायचं. रस्ता इतका अरुंद की एक टेम्पो उभा राहिला तर बाकीच्यांनी पोट आत घेऊन जावं. त्यात आणखी चारशे बिऱ्हाडं!

"हरकती पेंटरच लिहिणार," समोरच्या शिंप्याने परस्पर जाहीर केलं. "याचं अक्षर बघून साहेब उभा राहील. आमचं बघून खाली बसेल."

पेंटरांना नाही म्हणणं जमलं नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणायची इच्छाही नव्हती. इतक्या माणसांना आपली इतकी गरज बऱ्याच वर्षांत पडली नव्हती. चार दिवस ते खिडकीत बसून राहिले. प्रत्येक कागदावर आधी शिसपेन्सिलीने रेघा, मग शाईने मजकूर, मग शाई वाळल्यावर रेघा खोडायच्या. त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस कागद. लोक येत, खाली सही करत आणि "वा!" म्हणून जात.

शेवटच्या दिवशी सकाळी अकराला ते गठ्ठा घेऊन कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग सगळा गठ्ठा पत्त्यांसारखा फिरवला.

"काका, अक्षर फार सुंदर आहे हो."

पेंटर लाजले.

"पण सगळ्यांचं एकच आहे. मजकूरही तोच. ही एक हरकत धरली जाईल."

"सह्या वेगळ्या आहेत ना!"

"नियमच तसा आहे. मागे एकाने घरी बसून दोनशे लिहून आणल्या होत्या. ज्याने त्याने आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिहायचं. यातली एक तुमची म्हणून घेते. बाकीच्या पाचपर्यंत आणा."

पेंटर बाहेर आले आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिले. आपल्या कौतुकापायी अख्ख्या गल्लीचे चार दिवस आपण मातीत घातले, हे त्यांच्या मनातून जाईना. घरी जाऊन पांघरूण घ्यावं असं वाटलं. पण चोवीस कागद हवे होते आणि दुपारचा एक वाजत आला होता.

पहिलं गाठलं शिंप्याला.

"पुन्हा? अरे, मी सही केली की!"

"तू स्वतः लिहायचं."

"माझं अक्षर? मापाच्या वहीत मी काय लिहिलंय ते मलाच दुसऱ्या दिवशी कळत नाही. तू लिही, मी डाव्या हाताने सही करतो. वेगळं दिसेल."

"गाढवा, लिही!" पेंटर ओरडले. शिंपी एवढा चकित झाला की त्याने कागद घेतला. "बरं, काय लिहू?"

"उपरोक्त विषयास अनुसरून..." एवढं म्हणून पेंटरांनी जीभ चावली. "तुला काय वाटतं ते लिही."

अर्धी गल्ली कामावर गेलेली. कोपऱ्यावरच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "माझं अक्षर फक्त औषधवाल्याला वाचता येतं," पण उभ्याउभ्या दोन पानं लिहून मोकळ्या झाल्या. इस्त्रीवालीने गरम इस्त्री बाजूला ठेवून तिथेच लिहिलं. एकाने तासभर पेन शोधलं. एकाची म्हातारी आई म्हणाली, "सून आली की लिहील," आणि सून यायची सहाला. एक जण तर म्हणाला, "काका, त्या इमारतीत आम्ही घर घ्यायचं म्हणतोय. सही केली होती ती तुमच्या भिडेखातर." पेंटरांनी दारातच हात जोडले.

इस्त्रीवालीचा कागद त्यांनी चालता चालता वाचला. 'आत्ताच मी पाण्यासाठी कामावर उशिरा बसते. चारशे घरं आल्यावर मी कधी बसू?' ओळी उतरत उतरत कागदाच्या कोपऱ्यात कोसळल्या होत्या. त्या सरळ करायला त्यांचा हात शिवशिवला. मग लक्षात आलं, आपल्या त्रेचाळीस कागदांत पाणी 'अपुरे' होतं. कुणी उशिरा बसत नव्हतं.

पावणेपाचला ते धापा टाकत खिडकीशी पोचले. बाईंनी एकेक कागद उलटला. कुठे डाग, कुठे खाडाखोड, शिंप्याचा तर मापाच्या वहीतून फाडलेला.

"पंचवीस," त्या म्हणाल्या. "आणि तुमची धरून सव्वीस. सुनावणी लागेल."

एकच जास्त. पेंटरांना आनंद व्हायला हवा होता, पण ते पुन्हा त्याच पायरीवर जाऊन बसले.

गल्लीत मात्र जल्लोष. शिंप्याने दुकानाबाहेर खुर्ची मांडली, त्यांना बसवलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "आता सुनावणीला आपल्या सगळ्यांच्या वतीने पेंटरच बोलणार!"

लोकांनी माना डोलावल्या. नर्सबाईसुद्धा.

पेंटर खुर्चीवरून उठले. भिंतीकडे नाही, पुढे आले.

"कुणाच्या वतीने नाही. मी माझ्या खिडकीबद्दल बोलेन. तुझ्या दुकानापुढच्या रस्त्याबद्दल तू बोल. हिच्या पाण्याबद्दल ही. आज दिवसभर दारोदार फिरलो ते काय पुन्हा तेच करायला?"

इस्त्रीवालीने पदर सारखा केला.

"रागावतोस काय लगेच," शिंपी पुटपुटला. मग म्हणाला, "साहेबापुढे उभं राहून बोलायचं की बसून?"