येष्टी लागणारी सून

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मला माहेरी न्यायला भाऊ यायचा होता. त्याला काहीतरी आडवं आलं आणि निरोप आला की आता जावयानंच सोडून जावं, पाचोऱ्याहून जामनेरला. मी तेव्हा भाकरी थापत होते. मला असा काही आनंद झाला की तव्यावरची भाकरी पार करपली. सासूबाईंना वाटलं, पोरीला माहेरची ओढ. ओढ होतीच, पण खरी गंमत वेगळीच होती. माघात लग्न झालं, वैशाख उजाडला, आणि नवऱ्याशी माझं अजून धड बोलणं झालं नव्हतं. घर माणसांनी भरलेलं. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही अशी रीत, आणि उन्हाळा लागल्यापासून पुरुष वर धाब्याच्या गच्चीवर झोपायचे, आम्ही बायका आत. त्यात हे मुळातच घुमे. मी यांना पसंत आहे, की सासऱ्यांनी धरून यांना बोहल्यावर उभं केलं, एवढंही मला ठाऊक नव्हतं. विचारणार तरी कुठं?

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. रात्री जेवताना त्यांनी प्रवासाचा बेत ठरवून टाकला. एस.टी. नवी होती आणि नानांना तिचं भारी कौतुक.

"मोठी गाडीवरी जयगाव जा, तठून येष्टी धरा. दुपारना आत जामनेर."

म्हणजे मोठ्या रेल्वेनं जळगाव आणि तिथून एस.टी. दुसरी वाट होती ती पाचोऱ्याहून थेट जामनेरला जाणाऱ्या छोट्या गाडीची. अरुंद रूळ, खेळण्यातले वाटावेत असे डबे, आणि वेग असा की घाई असलेला माणूस तिच्या वाटेला जात नसे. नानांनी तिचं नावसुद्धा घेतलं नाही.

हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "नाना, तिले येष्टी लागस."

मी चुलीपाशी थक्क! धादांत खोटं! लग्नाच्या खरेदीला मी येष्टीनं जळगावला गेले होते आणि सबंध वाट शेंगा खात बसले होते. पण नवऱ्यानं बापासमोर माझा विषय काढला, एवढ्यानंच माझे कान तापले. सासूबाईंनी लगेच लिंबू काढून माझ्या पिशवीत टाकलं. तेव्हापासून सासरी मी कायमची येष्टी लागणारी सून झाले. पुढं कितीदा तरी मस्त येष्टीनं फिरले, पण हातात लिंबू धरून.

दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. बाक इतके जवळ की गुडघ्याला गुडघा लागायचा. मी पदर सारखा करत होते आणि मनात प्रश्नाची जुळवाजुळव चालली होती. गाडी हलणार तोच पागोटं सावरत एक आबा आत चढले आणि यांच्याशेजारी टेकले. नानांचे जुने सोबती!

"कोठे चालनात?"

"जामनेर."

"मी बी जामनेरच. बठ्ठा लोके येष्टीवर जातस, तुम्ही हाई गाडीमा कसाले?"

"तिले येष्टी लागस," हे म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. जामनेरपर्यंत आबा! मी तोंड खिडकीकडे केलं. बाहेर नांगरून पडलेली काळी शेतं, बांधावरचे कडुलिंब, लांबवर अजिंठ्याचे डोंगर. गाडी इतकी सावकाश की शेतातल्या बाया आमच्याकडे बघून हात करत आणि मी त्यांची तोंडं ओळखू शकेन इतका वेळ त्या दिसत राहत. फार सुरेख होतं सगळं. आबांचा मात्र मला असा राग आला होता, की विचारू नका.

शेंदुर्णीला इंजिन पाणी घ्यायला थांबलं. आबा म्हणाले, "उतरा, पानी पी या. सामान मी देखस."

लिंबाखाली रांजण होता. यांनी तांब्या बुडवला आणि चक्क माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. नवऱ्यानं बायकोला पाणी द्यायचं! मी कुणी बघतंय का ते पाहिलं, घटाघटा प्याले आणि धीर केला.

"माले येष्टी लागस, हाई तुम्हले कोनी सांगं?"

"कोनी नही." मग रांजणावर झाकण ठेवत म्हणाले, "येष्टीमा तुनासंगे बोलता उनं असतं का?"

"मंग मी पसंत शे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेड लागलंय. "मीच नानाले सांगेल व्हतं. करसू ते हाईच पोर करसू."

इंजिनानं शिट्टी दिली. डब्याकडे पळताना पदर डोक्यावरून घसरला तरी मी सावरला नाही. आत आबा तोंड फिरवून, पागोटं डोळ्यांवर ओढून पडले होते. झोपले होते की नाही, देव जाणे. मी बोलायला लागले. बहिणी, शाळा, आमची गाय, मला न आवडणारी वांगी, सगळं. घुमे घुमे म्हणतात ते हे मध्येमध्ये हसत होते आणि पुढं काय झालं विचारत होते. पहूर कधी मागं पडलं ते कळलंच नाही.

जामनेर आलं तेव्हा माझं अर्धंही बोलून झालं नव्हतं. फलाटावर आई उभी होती, तोंडभर हसत, हात पुढं करून. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिला बघत होते, आणि मला गाडीतून उतरावंसं वाटेना.