मुलीसाठी पुठ्ठ्याची घरं

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पण तुमची पोरगी भितीला डोकं आपटती ना, ते आमच्या देवघरात ऐकू येतं. सासूबाई आजारी हाईत. दिवाळीच्या आत तुमी दुसरीकडं बघा."

त्यांच्यावर राग धरावा असं त्या बोलल्याच नव्हत्या. मी "आम्ही बघतो" म्हणाले आणि दार लावून घेतलं. बारामतीत याआधीची घरंही आम्हाला अशीच सोडावी लागली होती. कुणी ओरडून सांगितलं होतं, कुणी हात जोडून.

माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. ती बोलत नाही. ती स्वमग्न आहे, हे डॉक्टरांनी ती लहान असतानाच सांगितलं होतं. तिला आवाज सोसत नाहीत. शेजारचा मिक्सर, पाण्याची मोटर, हातातून निसटलेलं ताट, काहीही पुरतं. मग ती कान दाबून धरते आणि मिळेल त्या भिंतीवर कपाळ आपटते. मध्ये हात घातला तर हाताला चावते. घर बदललं की तिचं खाणंपिणं सुटतं, आणि घर बदलावं लागतं तेही तिच्यामुळेच.

माझा नवरा एसटीत कंडक्टर. दिवसभर गाडीतल्या गर्दीतून घरी यायचा आणि घरातही तेच. त्या संध्याकाळी त्याने बूट काढले, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आता बास. त्या संस्थेत विचारून ठेवलंय मी. जागा हाय म्हणत्यात."

ती संस्था इंदापूरच्या पुढे, महामार्गाच्या बाजूला होती. अशा मुलामुलींना तिथे कायमचं ठेवून घ्यायचे. आम्ही एकदा पाहून आलो होतो. लोक चांगले होते, फरशी चकचकीत होती. पण लांबच लांब खोलीत खाटा ओळीने मांडलेल्या, वर पत्रा, आणि एक मुलगी रडली की सगळ्या रडायच्या. परतताना वाटेत माझं माहेर लागतं, तरी मी गाडी थांबवू दिली नाही. आईला काय सांगणार होते?

"आपण घर बांधू," मी म्हणाले. "पणदऱ्याला गावी आपली जागा आहे. तिच्यासाठीच बांधू. मी करते सगळं."

"तू करती म्हंजी?"

"आधी मॉडेल करते."

तो हसला नाही, चिडलाही नाही. थकल्या आवाजात म्हणाला, "कर. पण गुढीपाडव्यापर्यंत. त्याच्यापुढं मी न्हाय थांबायचा."

मॉडेल बनवणं हाच माझा धंदा. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आहे आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसासाठी घरी बसून बंगल्यांची, सोसायट्यांची पुठ्ठ्याची मॉडेलं बनवते. नकाशा ज्यांना कळत नाही त्यांना मॉडेल कळतं. माणसं वाकून बघतात, छप्पर उचलतात आणि आपली खाट कुठे येईल ते बोटाने दाखवतात. माझ्या मुलीला शब्दांनी काही विचारता येत नव्हतं. मला वाटलं, तिला घरच दाखवावं. आवडलं नाही तर ते तरी कळेल.

पहिलं घर मी डॉक्टरांच्या सल्ल्याने केलं. एका फुटाला अर्धा इंच, असं माप धरलं. तिची खोली मागच्या बाजूला, भिंती दुप्पट जाड, खिडकी लहान आणि उंचावर. मॉडेल तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं. तिने छप्पर काढून बाजूला ठेवलं, आत बघितलं, आणि स्वतःच्या खोलीची भिंत ओढून तोडली.

दुसऱ्या घरात तिची खोली स्वयंपाकघराला लागून केली. तिने तीच भिंत तोडली. तिसऱ्यात भिंत काढून पडदा लावला. तो तिने दातांनी फाडला. एक घर तर तिने बघितलंही नाही, त्याच्यावर पाय देऊन पलीकडे गेली. पुठ्ठा कापून कापून माझी बोटं सोलली होती. ऑफिसातली कामं मागे पडायला लागली, साहेब काही बोलले नाहीत हे त्यांचे उपकार. दिवाळी आली. घरमालकीणबाईंच्या सासूबाई दवाखान्यात होत्या, म्हणून घर सोडा म्हणायला कुणी वर आलं नाही. दुसऱ्याच्या आजारपणाचा मला आधार वाटत होता, इतकी माझी अवस्था झाली होती.

एका दुपारी मी सहावं की सातवं घर चिकटवत होते. सिलिंडरवाला येऊन गेला. मी आत टाकी जोडत होते आणि दाराची कडी लावायची राहिली. बाहेर आले तर ती नव्हती.

जिन्यात नाही, गच्चीवर नाही. मी अनवाणीच रस्त्यावर आले. आमच्या घरापासून कालवा जवळ आहे. भरून वाहणारं ते पाणी मला आधी आठवलं, आणि मी तिकडेच पळाले. काठाने पळताना मी तिचं नाव घेऊन ओरडत होते. आपल्या नावाला ती कधी ओ देत नाही, हे माहीत असूनही. कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं. एक म्हणाली, "न्हाय बाई, हितं कोण पोरगी न्हाय आली." दुसरीने नुसतं पाण्याकडे बघितलं. ते मला बघवलं नाही.

नवऱ्याला फोन केला. तो नेमका डेपोतच होता, कुणाची तरी मोटारसायकल घेऊन आला. त्याच्या मागे बसून गल्ल्या पालथ्या घातल्या. तो सारखा म्हणत होता, "सापडंल गं, सापडंल." त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि मी तो मुठीत धरला होता. मनात आलं, ती पाण्यात गेली असेल तर सगळ्यांचंच सुटेल. मी त्याच्या पाठीवर डोकं टेकलं आणि देवाला काय काय कबूल केलं, आठवत नाही.

गटारीच्या कामासाठी रस्त्याच्या कडेला सिमेंटचे मोठे नळे आणून टाकले होते. आम्ही तिथून आधी एकदा गेलो होतो. या वेळी नवऱ्याने गाडी थांबवली, कारण एका नळ्यातून बारीक घुमल्यासारखा आवाज येत होता.

ती आत बसली होती. पाठ एका बाजूच्या गोलाईला, पाय समोरच्या गोलाईला टेकवलेले. ओठ मिटून हुं हुं करत होती आणि तो आवाज नळ्यात फिरून तिच्याकडेच येत होता. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, मागे दोन ट्रॉल्या खडखडत होत्या. तिने कान दाबले नाहीत. एका तोंडाकडे बघितलं, मग दुसऱ्या तोंडाकडे, आणि पुन्हा हुं हुं सुरू केलं.

मी खाली मातीत बसले. नवरा मागे उभा राहून रडत होता. त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी नवं घर केलं. स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्यामधली भिंत जाड ठेवली, आणि त्या भिंतीत ट्रेसिंग पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी कापून आडवी बसवली. दोन्ही तोंडं उघडी, एक स्वयंपाकघरात आणि एक तिच्या खोलीत. मॉडेल तिच्यापुढे ठेवलं. तिने छप्पर काढलं. नळीत बोट घातलं, बाहेर काढलं, दुसऱ्या तोंडातून घातलं. बराच वेळ तेच करत राहिली. मी भिंतीकडे बघत होते. भिंत उभी राहिली.

पणदऱ्याला माझ्या सासऱ्यांनी मॉडेल फिरवून फिरवून बघितलं. "घरात नळा?" ते म्हणाले. "लोकं काय म्हणतील?"

"मामा, लोकं आत्तासुद्धा म्हणतातच की."

त्यांनी वाकून नळीतून पलीकडे बघितलं. मग म्हणाले, "नळा भितीत बसवायचा, तर पाया रुंद घ्यावा लागंल." ते माझ्या बाजूने उभे राहिले, ते एवढ्याच शब्दांत.

पाडवा आला तेव्हा भिंती कमरेइतक्या झाल्या होत्या. नवऱ्याने संस्थेचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. नळा क्रेनने बसवला तेव्हा गाव बघायला जमलं होतं.

राहायला गेलो त्या दिवशी ती दिवसभर किंचाळली. नव्या भिंतीवर तिच्या कपाळाचं रक्त लागलं. पुढे किती तरी दिवस ती नळ्याकडे फिरकलीच नाही, दारात बसून बारामतीच्या दिशेला बोट दाखवायची. गावातल्या जुन्या घरी राहणाऱ्या माझ्या सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. नवरा ड्युटीवरून आला की आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि मी मान हलवायचे. एवढा खटाटोप करून मी तिच्यासाठी आणखी एक परकं घर बांधलं, एवढंच मला दिसत होतं. शेवटी एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि मागे हुं हुं ऐकू आलं. मी वळले नाही. परातीत पीठ तसंच ठेवून हात पुसत उभी राहिले.

आता ती दिवसातला बराच वेळ त्यात असते. तिकडून मी दिसते, मलाही ती दिसते. डोकं आपटणं थांबलेलं नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवरच्या गाण्यांनी घर हादरतं आणि आम्ही तिघंही उपाशी झोपतो.

हल्ली ऑफिसची कामं आटोपल्यावर मी आणखी एक मॉडेल करते आहे. त्यात घर हेच आहे, फक्त आम्ही दोघं नसतानाचं. तिच्याजवळ राहणाऱ्या माणसासाठी एक खोली काढली आहे, तिला स्वतंत्र दार आणि वारा येईल अशी खिडकी. नवऱ्याने परवा ते बघितलं आणि विचारलं, "हितं कोण राहणार?"

मी खिडकीची चौकट चिकटवत राहिले. त्याने मॉडेल उचलून कपाटावर ठेवलं आणि मुलीला जेवायला बोलवायला गेला.