कॅनडाच्या जावयासाठी हीटर

भर जुलैत, दुबईत, मी सोलर वॉटर हीटर बसवून घेतला. (डोकं तेव्हा ठिकाणावर होतं, अशी माझी समजूत होती.)

त्या वर्षी अधिक महिना आला. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच! ऋता आणि जावई केदारराव कॅनडाहून अल मनखूलच्या आमच्या भाड्याच्या घरी येणार होते. जावयाचा मान राखायचा, तर थंडीतल्या माणसाला कडकडीत पाणी नको? दुकानदार म्हणाला, "हबीबी, ये ठंडे मुल्क का पीस है. बर्फ में भी पानी उबलेगा!" जावई थंड मुलखाचा, हीटरही थंड मुलखाचा. छत्तीस गुण जुळले!

प्लंबरने विचारलं, "साब, पुराना गीझर निकालूँ?"

"यल्ला, निकालो!"

इथेच माती खाल्ली. दुबईच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी असं तापतं, की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून आम्ही सगळे एप्रिलपासूनच गीझर बंद ठेवतो. घरातल्या एसीत त्यातलं पाणी निवतं आणि गरम नळाला गार पाणी येतं. वीस उन्हाळे मी त्याच पाण्याने आंघोळ केली होती, आणि तोच गीझर भंगारात दिला!

तो दिवस उजाडला. बायकोने जावयाला पाटावर बसवून तेल-उटणं लावलं, ओवाळलं आणि आंघोळीला धाडलं. बाहेर वीस पाहुणे. आतून किंकाळी!

"बाबा, भाजतंय!"

"दुसरा नळ सोडा, केदारराव!"

दुसरी किंकाळी. "बाबा, हासुद्धा!"

"बाबा, इट्स जुलै!" ऋता ओरडली.

बायको दमून खुर्चीत बसली. "अहो, आपलं गार पाणी गीझरमध्ये असायचं ना हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता लेकीच्या सासरी काय तोंड दाखवायचं? आत उटणं वाळून जावयाचा पापड होत होता. शेवटी कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतून पिण्याच्या पाण्याच्या चार मोठ्या बाटल्या आणवल्या, त्या बादलीत रिकाम्या करून बर्फ टाकला, आणि जावईबापू कुडकुडत बाहेर आले.

जेवताना ते एवढंच म्हणाले, "बाबा, हा हीटर आमच्याकडे पाठवून द्या." अधिकाचं वाण म्हणून पाठवला!

जानेवारीत त्यांचा फोन. "बाबा, हीटर फर्स्ट क्लास चालतोय! फक्त त्याच्यावरचा बर्फ रोज झाडावा लागतो. तुम्ही कधी येताय?"

माझ्याआधी बायकोच म्हणाली, "उद्या!"

पुढे महिनाभर मी रोज सकाळी केरसुणी घेऊन छपरावर चढत होतो आणि खाली केदारराव कडकडीत पाण्याने आंघोळ करत होते. जावयाचा मान राखायचा होता ना? राखला!